नव्या ॲक्सेसची फाईल जुन्या संगणकावर कशी उघडावी : सोसायटी आणि वाचनालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या कितीतरी कृषी पत्तीन संघांत (शेतकऱ्यांच्या पतसंस्थांत), दूध सोसायट्यांत आणि गावोगावच्या मराठी वाचनालयांत आजही दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक काम देत आहेत. त्यांवर विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हन असते, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेस प्रोग्रॅमची २००३ किंवा २००७ ची आवृत्ती असते आणि सभासदांची सगळी माहिती त्याच एका यंत्रात साठलेली असते. अशा ठिकाणी लेखापरीक्षणाच्या तोंडावर शहरातला कोणीतरी नव्या संगणकावर फाईल दुरुस्त करून देतो, ती पेनड्राइव्हवरून गावात परत येते आणि जुन्या यंत्रावर उघडतच नाही. मग फोन येतो, "सर, फाईल गेली की हो, तीन वर्षांचं सगळं त्यातच होतं." गेली काही वर्षे असे फोन मी घेत आलो आहे. त्यांपैकी बहुतेक वेळा फाईल शाबूत होती, ती फक्त जुन्या ॲक्सेसला वाचता न येणाऱ्या स्वरूपात लिहिली गेली होती. हा लेख अशा कार्यालयात नव्याने कामाला लागलेल्या आणि अशी फाईल पहिल्यांदाच हातात पडलेल्या मुलामुलींसाठी लिहिला आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की असावी. नवी आवृत्ती जुनी फाईल वाचू शकते, कारण ती घडवणाऱ्यांना जुने स्वरूप ठाऊक होते. जुनी आवृत्ती मात्र तिच्यानंतर जन्मलेले स्वरूप वाचू शकत नाही. म्हणून जुन्या संगणकापुढे बसून त्याच्याशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. जुन्याला समजेल अशा स्वरूपात फाईल लिहून देण्याचे काम नव्या ॲक्सेसचे आहे, आणि ते नव्या ॲक्सेससमोर बसूनच करावे लागते.

आधी काय करू नये

पडद्यावर 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' असा संदेश आला की पुष्कळ जण फाईलच्या नावाचे शेपूट बदलून पाहतात, म्हणजे टिंबानंतरचे नव्या स्वरूपाचे एसीसीडीबी खोडून तिथे जुन्याचे एमडीबी लिहितात. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, उलट पुढे येणाऱ्या माणसाची दिशाभूल होते. तसेच जुन्या ऑफिससाठी मायक्रोसॉफ्टने जो कंपॅटिबिलिटी पॅक काढला होता, तो वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटपुरता होता, त्याने ॲक्सेसची फाईल उघडत नाही. तो पॅक घालूनही काही होत नाही, तेव्हा फाईलच बिघडली असावी, असा निष्कर्ष मी अनेकांना काढताना पाहिले आहे, आणि तो चुकीचा आहे.

इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणाऱ्या जागा आहेत, त्यांच्याकडे ही फाईल पाठवू नये. तिच्यात सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, कर्जाची बाकी आणि जमिनीचे तपशील असतात. ही माहिती लोकांनी संस्थेवर विश्वास ठेवून दिलेली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

सर्वांत आधी फाईलची प्रत काढावी आणि मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला पुन्हा हात लावू नये. प्रत काढताना फाईल कोणी उघडलेली नाही याची खात्री करावी. फाईलच्या शेजारी त्याच नावाची, पण एलएसीसीडीबी किंवा एलडीबी असे शेपूट असलेली छोटी फाईल दिसत असेल, तर कोठेतरी कोणीतरी डेटाबेस उघडून बसले आहे किंवा मागच्या वेळी लाईट गेल्यामुळे तो नीट बंद झालेला नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात हे नेहमी घडते. अशा वेळी सर्व संगणकांवर ॲक्सेस बंद करावे, ती छोटी फाईल नाहीशी झाली का ते पाहावे आणि मगच प्रत घ्यावी.

फाईल कोणत्या स्वरूपाची आहे ते तिलाच विचारावे

विंडोज बहुधा फाईलच्या नावाचे शेपूट लपवते. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाईल टाइप्स' या ओळीवरची खूण काढली की ते दिसू लागते. एमडीबी हे ॲक्सेस २००३ पर्यंतचे स्वरूप होय आणि एसीसीडीबी हे २००७ पासूनचे. पण वर सांगितल्याप्रमाणे शेपूट कोणी बदललेले असू शकते. म्हणून मी फाईलची प्रत नोटपॅडमध्ये उघडून पाहतो. पडदाभर चित्रविचित्र चिन्हे येतात, त्यांना घाबरू नये. अगदी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'स्टँडर्ड जेट डीबी' अशी इंग्रजी अक्षरे वाचता आली तर फाईल जुन्या घराण्यातली आहे, आणि 'स्टँडर्ड एस डीबी' अशी दिसली तर ती २००७ किंवा त्यानंतरची आहे. नोटपॅड बंद करताना काहीही सेव्ह करू नये. या एका पाहणीने निम्मा गोंधळ मिटतो, कारण पहिले शब्द जर 'जेट' घराण्याचे असतील आणि तरीही २००३ मध्ये फाईल उघडत नसेल, तर अडचण आवृत्तीची नसून फाईल खरोखरच खराब झालेली असण्याची शक्यता आहे, आणि तो या लेखाबाहेरचा विषय आहे.

जुन्या घराण्यातही पोटभेद आहेत. ॲक्सेस ९७ चे स्वरूप वेगळे, २००० चे वेगळे आणि २००२-२००३ चे वेगळे. ॲक्सेस २००० ला २००२-२००३ ची फाईल उघडत नाही. उलट बाजूनेही एक अडथळा आहे. ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्यांनी ९७ ची फाईल उघडणे बंद केले, म्हणून एखाद्या वाचनालयाची पंचवीस वर्षांपूर्वीची ग्रंथसूची सापडली, तर ती आधी २००३, २००७ किंवा २०१० मध्ये उघडून पुढच्या स्वरूपात आणावी लागते. या एका कारणासाठी तरी जुने यंत्र भंगारात देण्याची घाई करू नये असे मला मनापासून वाटते.

जुन्या यंत्रावरच सोय होते का ते पाहावे

रूपांतर करण्याआधी एक सोपा मार्ग तपासून घ्यावा. जुन्या संगणकावर विंडोज सेव्हन असेल, तर ॲक्सेस रनटाइम २०१३ त्यावर चालते, आणि विंडोज एक्सपी असेल व त्यावर सर्व्हिस पॅक ३ घातलेला असेल, तर रनटाइम २०१० चालते. रनटाइम म्हणजे तयार डेटाबेस वापरण्यापुरते ॲक्सेस. त्याला मायक्रोसॉफ्टने पैसे लावलेले नाहीत. त्यात तक्ते उघडून पाहण्याची किंवा रचना बदलण्याची सोय नसते, म्हणून ज्या डेटाबेसमध्ये नोंदी भरण्याचे फॉर्म आणि अहवाल आधीच तयार आहेत तिथेच त्याचा उपयोग होतो. सोसायटीच्या रोजच्या कामाला एवढे पुष्कळदा पुरते.

शहरात जाण्यापूर्वीची तयारी

रनटाइमने भागत नसेल, तर नवे ॲक्सेस असलेल्या संगणकापर्यंत जाणे आले. जांबोटीकडच्या गावातून बेळगावला जाऊन परत यायचे म्हणजे दिवस मोडतो. एखादी गोष्ट विसरली तर दुसरा दिवस मोडतो. म्हणून पेनड्राइव्हवर फाईलची प्रत तर घ्यावीच, शिवाय डेटाबेसला पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून न्यावा आणि जुन्या संगणकावरच्या ॲक्सेसची नेमकी आवृत्ती 'अबाउट' मध्ये (२००३ मध्ये हेल्प मेनूत, २००७ मध्ये ऑफिस बटणातल्या 'ॲक्सेस ऑप्शन्स' च्या 'रिसोर्सेस' खाली) पाहून टिपून घ्यावी. त्याबरोबर छापील खतावणीतून किंवा मागच्या ताळेबंदातून तीन आकडे वहीत उतरवून न्यावेत, ते म्हणजे सभासदांची एकूण संख्या, भागभांडवलाची एकूण रक्कम आणि येणे कर्जाची एकूण बाकी. या तीन आकड्यांचे काम शेवटी येणार आहे.

नव्या ॲक्सेसमधून जुन्या स्वरूपात साठवणे

पासवर्ड असेल तर तो आधी काढावा, कारण दोन्ही घराण्यांची कुलुपे वेगवेगळी आहेत. त्यासाठी फाईल नेहमीसारखी न उघडता ओपनच्या बटणाशेजारच्या बाणावर टिचकी मारून 'ओपन एक्सक्लुझिव्ह' निवडावे, पासवर्ड द्यावा आणि मग फाईल मेनूतल्या 'इन्फो' मधून 'डिक्रिप्ट डेटाबेस' करावे. काम संपल्यावर नव्या फाईलवर पासवर्ड पुन्हा लावण्यास विसरू नये.

यानंतर सर्व तक्ते, फॉर्म आणि अहवाल बंद करावेत. ॲक्सेस २०१३ आणि त्यापुढे फाईल मेनूत 'सेव्ह ॲज', त्यात 'सेव्ह डेटाबेस ॲज' आणि त्यात 'ॲक्सेस २००२-२००३ डेटाबेस' असा रस्ता आहे. २०१० मध्ये हाच पर्याय 'सेव्ह अँड पब्लिश' खाली सापडतो आणि २००७ मध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोल ऑफिस बटणाच्या 'सेव्ह ॲज' मध्ये. नव्या फाईलला वेगळे नाव द्यावे. नावात तारीख घालण्याची सवय मी सर्वांना लावतो, कारण 'सभासद_नवी', 'सभासद_नवी_फायनल' आणि 'सभासद_फायनल_२' अशा तीन फाईली एकाच पेनड्राइव्हवर असल्या की कोणती खरी हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

साधा डेटाबेस असेल तर काम येथेच होते. पुष्कळदा मात्र ॲक्सेस नकार देते आणि सांगते की या फाईलमध्ये सध्याच्या स्वरूपाशिवाय न चालणाऱ्या सोयी वापरल्या आहेत, म्हणून ती आधीच्या स्वरूपात साठवता येणार नाही. कोणत्या सोयी, हे ते सांगत नाही. ते आपण शोधायचे.

नकार आला तर कारण कोठे शोधावे

पहिला संशय वर्णक्रमावर घ्यावा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ॲक्सेस २०१० पासून नव्या डेटाबेसला अक्षरे क्रमाने लावण्याचा 'जनरल' नावाचा नवा नियम आपोआप लागतो, जो जुन्या स्वरूपाला ठाऊक नाही. फाईल मेनूत 'ऑप्शन्स', त्यात 'जनरल' आणि त्यातल्या 'न्यू डेटाबेस सॉर्ट ऑर्डर' समोर 'जनरल - लेगसी' निवडावे. मग डेटाबेस टूल्समधून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवावे, म्हणजे उघडलेल्या फाईललाही तो जुना नियम लागतो. पुन्हा सेव्ह ॲज करून पाहावे. कित्येकदा एवढ्यानेच गाठ सुटते.

तरीही अडले तर प्रत्येक तक्ता डिझाइन व्ह्यूमध्ये उघडून डेटा टाइपचा रकाना वरून खाली वाचत जावे. 'अटॅचमेंट' असा प्रकार दिसला, तर त्या रकान्यात सभासदाचे छायाचित्र किंवा कागदपत्र फाईलच्या पोटातच ठेवलेले असते. नोंद उघडून कागदाच्या टाचणीच्या खुणेवर दोनदा टिचकी मारावी आणि 'सेव्ह ऑल' करून ती सर्व चित्रे एका फोल्डरमध्ये बाहेर काढावीत. त्यांची नावे सभासद क्रमांकावरून ठेवावीत, प्रतीमध्ये त्या रकान्याच्या जागी साधा टेक्स्ट रकाना करावा आणि त्यात चित्राचे नाव लिहावे. काम कंटाळवाणे आहे, पण पाचशे सभासदांचे एका दिवसात होते.

'कॅल्क्युलेटेड' रकाना म्हणजे दुसऱ्या रकान्यांवरून आपोआप हिशेब करणारा रकाना. तो जुन्या स्वरूपात नाही. त्यासाठी 'मेक टेबल' क्वेरी (तक्त्यांतून हवी ती माहिती निवडून नवा तक्ता बनवणारी मांडणी) करावी, म्हणजे हिशेबाची उत्तरे साध्या आकड्यांच्या रूपात नव्या तक्त्यात उतरतात. मात्र तो आकडा यापुढे आपोआप बदलणार नाही, हे लक्षात ठेवून जुन्या संगणकावर तोच हिशेब क्वेरीत मांडावा. एकाच चौकटीत अनेक पर्यायांवर खुणा करता येतील असा रकाना असेल, उदाहरणार्थ एका शेतकऱ्यासमोर ऊस, भात आणि बटाटा अशा तीन पिकांवर खूण, तर क्वेरीत त्या रकान्याच्या नावापुढे टिंब देऊन 'व्हॅल्यू' हा शब्द इंग्रजीत जोडावा. म्हणजे एका शेतकऱ्याच्या तीन ओळी होतात आणि त्यांचा सभासद क्रमांकासह वेगळा तक्ता बनवता येतो. शिवाय तक्त्यांना जोडलेले डेटा मॅक्रो, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर ते प्रतीमधून काढून टाकावेत.

एक अडथळा मला अलीकडे वारंवार दिसतो, आणि तो चांगल्या हेतूने केलेल्या कामातून येतो. बँक खाते क्रमांक लांब असतात म्हणून नव्या ॲक्सेसमध्ये कोणी त्या रकान्याला 'लार्ज नंबर' हा प्रकार देतो. त्या क्षणी संपूर्ण फाईल अशा स्वरूपात जाते की एसीसीडीबी वाचणाऱ्या २०१० किंवा २०१३ लाही ती ओळखता येत नाही, आणि मागे फिरण्याचे बटण नाही. खाते क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, त्यामुळे तो रकाना नेहमी टेक्स्ट असावा. तसेच आधार क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि पिन कोड यांचेही. रकाना टेक्स्ट करून झाल्यावर एक नवा कोरा डेटाबेस तयार करावा आणि 'एक्स्टर्नल डेटा' मधून सर्व तक्ते त्यात आयात करावेत, तेव्हाच ती फाईल जुन्या आवृत्त्यांना वाचता येते.

मजकुराच्या फाईलमधून नेण्याचा लांबचा रस्ता

फॉर्म-अहवाल जुन्या संगणकावर आधीपासूनच आहेत आणि फक्त माहिती हवी आहे, किंवा वरचे काहीच जमले नाही, तर प्रत्येक तक्ता साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढून जुन्या ॲक्सेसमध्ये आत घ्यावा. या रस्त्यावर आपल्या भागातल्या माहितीसाठी तीन खड्डे आहेत, आणि तिन्हींत मी स्वतः पडलो आहे.

पहिला खड्डा लिपीचा. आमच्या संस्थांत एकाच तक्त्यात सभासदाचे नाव मराठीत, गावाचे नाव कन्नडमध्ये आणि कर्जाचा प्रकार इंग्रजीत असतो. निर्यातीच्या विझार्डमध्ये 'ॲडव्हान्स्ड' हे बटण दाबून 'कोड पेज' समोर 'युनिकोड यूटीएफ-८' निवडले नाही, तर देवनागरी आणि कन्नड अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात. एकदा प्रश्नचिन्ह झालेले नाव परत मिळत नाही. जुन्या बाजूला आयात करतानाही 'ॲडव्हान्स्ड' मध्ये तेच कोड पेज निवडावे. विंडोज एक्सपीवर अक्षरे चौकोनी दिसली, तर घाबरण्याऐवजी कंट्रोल पॅनेलच्या 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' ची खूण करावी, म्हणजे मंगल आणि तुंगा या फॉन्टांतून मराठी व कन्नड दोन्ही दिसतात. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा नुडीच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या असतील, तर तो फॉन्ट त्या संगणकावर असल्याखेरीज त्या वाचता येणार नाहीत. तो प्रश्न ॲक्सेसच्या आवृत्तीचा नाही.

दुसरा खड्डा एक्सेलचा. मजकुराची फाईल मध्येच एक्सेलमध्ये उघडून 'जरा नीट करून घेऊ' असा मोह होतो. एका सोसायटीच्या कामात मी तसे केले. पिककर्जाच्या तक्त्यात सर्व्हे क्रमांकाचा रकाना होता, १२/३, ७/१, ५/११ असा. एक्सेलने या सर्वांना तारखा समजून १२ मार्च, ७ जानेवारी, ५ नोव्हेंबर असे बदलून टाकले. ज्यांच्या हिश्शापुढे अक्षर होते, म्हणजे १२/३ब, ते तेवढे वाचले. फाईल सेव्ह झाली, गावात पोचली आणि आठ दिवसांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने छापील पत्रक पुढे करून विचारले, "माझ्या रानाच्या जागी ही तारीख कसली घातलीय?" मूळ प्रत जपून ठेवली होती म्हणून ते सर्व दुरुस्त करता आले. तेव्हापासून मजकुराची फाईल मी एक्सेलमध्ये उघडत नाही. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहावी. एक्सेलचाच मार्ग घ्यावा लागला, तर जुन्या एक्सएलएस स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत हेही ध्यानात असावे. दूध संकलनाच्या रोजच्या नोंदी इतक्या सहज होतात.

तिसरा खड्डा तारखांचा. आयात करताना 'ॲडव्हान्स्ड' मध्ये तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा ठेवावा आणि चार अंकी वर्षाची खूण करावी. वर्ष दोनच अंकी असेल तर जुने विंडोज ०० ते २९ हे २००० नंतरचे धरते, त्यामुळे १९२८ साली जन्मलेल्या संस्थापक सभासदाचा जन्म २०२८ मध्ये होतो आणि वारसनोंदीच्या वेळी वयाचा हिशेब उणे येतो.

आयातीच्या शेवटच्या पानांवर ॲक्सेस स्वतःहून 'प्रायमरी की', म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना, घालू का असे विचारते. त्याला नकार देऊन आपला सभासद क्रमांकाचा रकानाच निवडावा. नाहीतर सर्वांना १ पासून नवे क्रमांक लागतात आणि कर्जाचा तक्ता भलत्याच माणसाशी जोडला जातो. शेरा किंवा पत्ता २५५ अक्षरांहून लांब असेल, तर त्या रकान्याला 'मेमो' प्रकार द्यावा, म्हणजे मजकूर मध्येच तुटणार नाही.

फॉक्सप्रो आणि टॅली असेल तर

काही जुन्या सोसायट्यांत डॉसवरचे फॉक्सप्रो २.६ (ॲक्सेससारखाच एक जुना डेटाबेस प्रोग्रॅम) अजून चालू आहे. त्याच्या नंतरच्या व्हिज्युअल फॉक्सप्रोने बनवलेली डीबीएफ (तक्त्याची फाईल) त्याला उघडत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये तक्ता उघडून 'कॉपी टू' ही आज्ञा देताना शेवटी 'टाइप फॉक्स२एक्स' जोडावे (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत), म्हणजे जुन्या स्वरूपाची प्रत मिळते. रकान्यांची नावे त्यात दहा अक्षरांवर छाटली जातात, म्हणून लांब नावे असतील तर ती आधीच आखूड करून घ्यावीत. टॅलीत मात्र नव्या रिलीजमध्ये मायग्रेट केलेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडेल या भरवशावर राहू नये. मायग्रेट करण्यापूर्वीचा बॅकअप हाच तिथला खरा आधार आहे.

परत आल्यावर मोजणी

जुन्या संगणकावर फाईल उघडली की काम झाले असे समजू नये. शहरात जाताना वहीत उतरवलेले तीन आकडे आता काढावेत. सभासदांचा तक्ता उघडल्यावर तळाशी एकूण नोंदी दिसतात, त्या वहीतल्या संख्येशी जुळवाव्यात. मग क्वेरीत 'टोटल्स' ची खूण दाबून भागभांडवलाची आणि येणे बाकीची बेरीज काढावी. रुपयाचाही फरक आला तर पुढे जाऊ नये. तो फरक लहान आहे म्हणून सोडून दिला, तर तो कोणाच्या तरी खात्यात बसलेला राहतो.

बेरीज जुळल्यावर दहा-बारा नोंदी डोळ्यांनी वाचाव्यात, आणि त्या सरसकट पहिल्या दहा नसाव्यात. ळ, ज्ञ, र्‍य असलेली नावे, कन्नड गावांची नावे, सर्वांत जुना सभासद, सर्वांत नवा सभासद आणि तिरप्या रेघेचे सर्व्हे क्रमांक असलेले शेतकरी अशा निवडून काढाव्यात. शक्य असेल तर ज्याने त्या नोंदी मुळात भरल्या त्याला शेजारी बसवावे. आमच्या एका सोसायटीतल्या सचिवाने निव्वळ यादी चाळून सांगितले होते की 'पाटील' आडनावाची दोन घरे एक झालेली दिसतात, आणि ते खरे निघाले.

फॉर्म उघडताना चूक दाखवत असेल, तर बहुधा आतल्या कोडला नव्या ऑफिसचा एखादा भाग हवा असतो. ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडावी, टूल्समध्ये 'रेफरन्सेस' पाहावे आणि ज्या ओळीपुढे 'मिसिंग' लिहिले आहे तिची खूण काढून त्याच नावाची जुनी आवृत्ती असल्यास ती निवडावी.

दरवेळी ही धावपळ होऊ नये म्हणून

ज्या संस्थेत जुना आणि नवा असे दोन्ही संगणक आहेत, तिथे मी डेटाबेसचे दोन भाग करून देतो. तक्ते एका फाईलमध्ये, जुन्या २००२-२००३ स्वरूपात, आणि फॉर्म व अहवाल प्रत्येक संगणकावर त्याच्या त्याच्या आवृत्तीत. नव्या ॲक्सेसला जुन्या एमडीबीतले तक्ते जोडून घेण्यात आजही काही अडचण येत नाही, त्यामुळे दोघेही एकाच माहितीवर काम करतात. डेटाबेस टूल्समधले 'ॲक्सेस डेटाबेस' हे बटण ही विभागणी स्वतःच करते. फक्त तक्त्यांची फाईल २ जीबीच्या आत राहील याकडे लक्ष असावे, कारण ॲक्सेसची मर्यादा तेवढीच आहे.

नवा संगणक एकच असेल आणि त्यावरून फाईली सतत गावाकडे जात असतील, तर त्याच्या ॲक्सेसमध्ये फाईल मेनू, 'ऑप्शन्स', 'जनरल' या ठिकाणी 'डिफॉल्ट फाईल फॉरमॅट' समोर 'ॲक्सेस २००२-२००३' आणि वर्णक्रमासमोर 'जनरल - लेगसी' असे ठेवावे. त्यानंतर त्या यंत्रावर तयार होणारा प्रत्येक नवा डेटाबेस सुरुवातीपासूनच जुन्या संगणकाला वाचता येईल असा जन्मतो. हे दोन बदल केल्याची चिठ्ठी लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवावी, कारण ऑफिस पुन्हा बसवल्यावर दोन्ही गोष्टी मूळपदावर गेलेल्या असू शकतात.